काळसावलीची जागा राखताना

मूस जॉ, सस्कॅचेवन
शुक्रवार सकाळ

चि. कॉर्विनला म्युरिएल आत्याचे अनेक आशीर्वाद.

तिकडे उत्तरेच्या खाणीवर थंडी कशी आहे हे विचारत नाही, उगाच आठवण कशाला. लोकरीचे मोजे मिळाले का? सामानाचं विमान आलं की हे पत्रही पोचेल. इथे सगळं ठीक. गुडघा म्हणशील तर आहे तसाच आहे.

इंटरनेट नसलेल्या जागी जाताना तू तुझ्या ऑनलाइन खेळातला तो काळसावली नावाचा चोर माझ्या गळ्यात मारलास. दर गुरुवारी टोळी ड्रॅगन मारायला जमते, लागोपाठ तीन गुरुवार चुकले की टोळीतली जागा जाते, तेव्हा फक्त हजर राहा आणि रोटेशन सांभाळ, म्हणालास. रोटेशन म्हणजे कुठल्या बटणानंतर कुठलं दाबायचं तो क्रम. चर्चचा ऑर्गन वाजवण्यात जिचा जन्म गेला (आणि तोही हातापायांनी) तिला बटणांचं काय कौतुक! पण मेल्या, एवढ्या पात्रांतून चोरच का रे निवडलास? लपा, मागून खुपसा, विष लावा, पुन्हा लपा. अकरा बटणं, आणि एक उशिरा पडलं की सगळं मुसळ केरात. तो कुऱ्हाडवाला बघ, ओरडतो आणि हाणतो, झालं काम. जादूगाराचा मंत्र म्हणजे भट्टीतला केक, मध्येच हललात की बसला. ज्याची त्याची तऱ्हा वेगळी, आणि तुझी तऱ्हा सगळ्यांत तिरपागडी.

तरी मी सरावाच्या लाकडी पुतळ्यावर आठवडाभर हात बसवला. एका जुन्या भजनाच्या चालीत अकराही बटणं चपखल बसली. (पुतळा जागचा हलत नाही आणि ड्रॅगन हलतो, एवढं सांगायला तुझी जीभ झिजली नसती.) गुरुवारी ड्रॅगन गर्रकन वळला आणि पाठीत खुपसायची सुरी मी त्याच्या जबड्यात खुपसत राहिले. लग्नात नवरी भोवळ येऊन पडली तरी ऑर्गन थांबवायचा नसतो, त्यामुळे मी थांबले नाही. टोळीचा म्होरक्या रक्तगिधाड (एरवी ओहायोत दातांचा डॉक्टर) हेडफोनमधून कानात ओरडला, "अरे काळसावल्या, मेलास की! आता तरी बटणं बडवायची थांब!"

"कडवं संपवू दे," मी म्हटलं.

"अरे बापरे! काकू, तुम्ही कोण?"

सांगितलं कोण ते. पुढच्या गुरुवारीही मी सगळ्यांत आधी मेले आणि टोळीत कुजबुज सुरू झाली. काल तर टोळीतल्या जखमा भरणारी वैद्यीणच आली नाही, तिच्या मुलीची हॉकीची मॅच लांबली. आता वैद्याला ठरलेलं रोटेशनच नसतं. कुणात किती जीव उरलाय ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या पट्ट्या बघायच्या आणि जो ढेपाळेल त्याला सावरायचं. ऑर्गनवरच्या आरशात मी वर्षानुवर्षं मागची गायकमंडळी बघितली आहेत. कुणाचा श्वास कुठल्या ओळीत संपणार हे त्याच्याआधी मला कळतं. तुझ्या खात्यात एक वैद्यीण धूळ खात पडलीच होती.

"मी होते वैद्य," मी म्हटलं.

"व्हा काकू, नाहीतरी मरायचंच आहे," रक्तगिधाड म्हणाला.

कुणीही मेलं नाही. ड्रॅगन मेला! एवढा आरडाओरडा झाला, आणि त्यात तो दातांचा डॉक्टर म्हणाला, "काकू, दर गुरुवारी याल ना?" चर्चने ऑर्गन काढून स्पीकर बसवल्यापासून दर आठवड्याला या असं मला कुणी म्हटलं नव्हतं रे. मला रडू आलं.

तुझी,
म्युरिएल आत्या

ता. क. तुझी जागा सुखरूप आहे. फक्त तिच्यावर मी बसले आहे. काळसावलीला काढायचं का यावर मतदान झालं. मीही हात वर केला, टोळीचं हित बघावं लागतं.

आणखी एक. खाणीवाले तुला पुढचा हंगाम थांब म्हणत होते ना? थांब की. थंडीची सवय होते.

शेवटचं. खात्याचा पासवर्ड मी बदलला आहे. परतलास की तो विचारायला फोन करू नकोस, सरळ जेवायलाच ये. गुरुवार सोडून कधीही.