उजळ असल्यास बरं

जर्सी सिटी,
९ नोव्हेंबर २००३

ती. सुमित्राताईस,
उल्का व रवींद्रचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पाकीट परवा मिळालं. फोटो पाहिला आणि मी स्वयंपाकघरातच खाली बसले. तिकडे भाजी करपली. रवींद्र ऑफिसातून आला तो आधी खिडक्याच उघडत सुटला, पण फोटो हातात पडल्यावर रागवायचं विसरला आणि आम्ही दोघांनी तीच भाजी मुकाट्यानं खाल्ली. काय गं गोड पोर ही नीना! चार वर्षांची म्हणतेस, पण बघते कशी आजीबाईसारखी. आणि रंग किती उजळ! बालगृहाच्या फॉर्मवर वर्णाची एक ओळ होती, तिथं मी 'उजळ असल्यास बरं' असं लिहिलं, तेव्हा साडी निवडते आहेस का, असं रवींद्रनं मला विचारलं होतं. विचारू दे. घरात एक काळी पुरे.

आयसेलिनजवळ एका अमेरिकन चर्चच्या तळघरात आपली मराठी उपासना महिन्यातून एकदा भरते. तिथं मी फोटो हातोहात फिरवला आणि साक्षही देऊन टाकली, की दहा वर्षं मागत होते ते देवानं दिलं. मूल अजून नगरलाच आहे बाई, म्हणून रवींद्र कोपरानं ढोसत होता. पण मला दम कुठला! बायकांनी फ्रॉक, स्वेटर, बर्फातले बूट असं खोकंभर सामान गोळा केलंय. बाजारात तुरी, असं तू म्हणशीलच.

वीस डिसेंबरला निघतो. आधी मुलीला भेटून होकाराची सही, मग कोर्ट. कोर्ट आपल्या ख्रिस्ती लोकांना नुसतं पालकत्व देतं म्हणे, दत्तकाचं उरलेलं इथं येऊन करायचं. नाताळ तुझ्याच घरी. करंज्या माझ्यासाठी वेगळ्या काढून ठेव, दाजींच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझ्या मायेला अजून हावरीच असलेली,
उल्का


जर्सी सिटी,
१८ जानेवारी २००४

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

सुखरूप पोचलो. थंडी मरणाची आहे. कागद राहिल्यामुळे मुलीला आणता आलं नाही, हे तुला तिथं सांगितलंच होतं. इथंही सगळ्यांना तेच सांगितलं. बायका आता उपासनेत कागदांसाठी प्रार्थना करतात आणि मी डोळे मिटून बसते. खोकं कपाटात वर ठेवून दिलंय.

त्या दिवशी तू नाताळच्या नाटकाच्या तालमीला गेली होतीस ते बरंच झालं, बालगृहाच्या बाकावर उगाच ताटकळली असतीस. रवींद्र हल्ली कमी बोलतो. कामाचा ताण असेल. उत्तर सवडीनं लिही, घाई नाही.

आठवण ठेव, एवढंच मागते.
उल्का


अहमदनगर,
१२ फेब्रुवारी २००४

चि. उल्का हिस,
ताईचे आशीर्वाद.

सवडीनं लिही म्हणालीस. सवड मला नाही, पण राग भरपूर आहे. कोणता कागद अडला ते विचारावं आणि दाजींच्या ओळखीनं तो सोडवावा म्हणून काल मी बालगृहात गेले. मोठ्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. कागद एकही राहिलेला नव्हता. पोर समोर दाराशी उभी असताना, दुसरी कुणी आहे का, असं तू त्यांना विचारलंस म्हणे. उल्के, बालगृहाचं फाटक ओलांडून मी रिक्षा न करता चालत घरी आले, कारण रिक्षावाला माझा विद्यार्थी निघाला असता तर काय बोलले असते?

आता माझं ऐक. तुझा फॉर्म बालगृहात पोचवला मीच, तेव्हा तो वाचला होता. फोटो काढायला त्या पोरीला स्टुडिओत मीच नेलं, आणि जाताना घरून पावडरचा डबा नेला. तोंड, मान, हात, सगळं पांढरं केलं आणि फोटोवाल्याला उजेड वाढवायला सांगितला. मला वाटलं, एकदा लेकरू समोर आलं की रंग कोण बघतो? म्हणजे तुला फसवलं मी. तुझं एक वेळ राहू दे. आता बालगृहात कुणीही पाहुणा आला की ती पोर पळत जाऊन आधी पावडर मागते. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं की हे तिला शिकवलं कुणी. चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत देव रंग बघत नाही म्हणून सांगणाऱ्या मास्तरणीनं शिकवलं.

फोन करू नकोस, दाजी शेजारीच बसलेले असतात आणि त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. लिही. खरं लिही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई


जर्सी सिटी,
१ मार्च २००४

ताई,
सलाम कोणत्या तोंडानं लिहू?

बाईंनी सांगितलं ते खरं आहे. फोटो एक आणि मुलगी दुसरी, एवढंच असतं तर तुझ्यावर ढकलून मी मोकळी झाले असते. तसं नव्हतं. ती दाराशी येऊन उभी राहिली आणि मला मीच दिसले. साय-हळदीनं घासून लाल केलेलं तोंड घेऊन पाहुण्यांपुढं चहा नेणारी. तू गोरी, तुझं पहिल्याच चहाला जमलं. माझे पाच चहा फुकट गेले, आणि प्रत्येक वेळी आई मागच्या दारी जाऊन रडायची ते मला आत ऐकू यायचं. ते सगळं एखाद्या पोरीच्या वाट्याला पुन्हा यायला नको, तिच्या भल्यासाठीच मी नाही म्हणाले, असं मी रवींद्रला टॅक्सीत सांगितलं. मी तुझ्या हातचा चहा ठेवून उठलो होतो का, एवढंच त्यानं विचारलं. तेव्हापासून तो कामापुरतं बोलतो. ताण कामाचा नाही.

आणि ते भल्याबिल्याचंही खोटंच होतं गं. उपासनेत फोटो फिरवला होता. आता हिला नेलं तर बायका फोटो आठवतील आणि एकमेकींकडे बघतील, हे पहिलं माझ्या मनात आलं. एवढ्यासाठी मी एका लेकराला नको म्हटलं. लाज वाटते हा शब्दसुद्धा मला शोभत नाही.

पावडरचं मनाला लावून घेऊ नकोस, असं लिहिणार होते. नाही लिहीत. दोघींनी मिळून केलं.

ती आहे का अजून तिथं? कुणी नेली असेल तरी कळव. बरं वाटेल आणि मरणही येईल.

उल्का


अहमदनगर,
२४ मार्च २००४

चि. उल्का हिस,
आशीर्वाद.

आहे. पण पुण्याच्या एका जोडप्याला तिची फाइल दाखवायचं घाटतंय. मी बाईंचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ईस्टरपर्यंत थांबते म्हणाल्या, पण अट घातली. मागच्या खेपेला सही का केली नाहीस, ते तुझ्या अक्षरात खरंखरं लिहून द्यायचं. ते फाइलला लागणार, तुमचं घर तपासणाऱ्या तिथल्या समाजसेविकेला दिसणार, कोर्टालाही दिसणार. गुळमुळीत लिहिलंस तर त्या फाडून टाकतील, आणि मी त्यांना अडवणार नाही.

नवीन फोटो सोबत आहे. आधी तिचं तोंड स्वच्छ धुतलं. हा नीट बघ, मग पेन उचल. तोंड वाकडं होत असेल तर उचलूच नकोस. पुण्याची माणसं चांगली आहेत.

दाजींना सांगितलं. दोन दिवस अंगणात बसून राहिले, जेवायलाही ताट बाहेरच नेलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ये म्हणून लिही तिला.

वाट बघणारी,
ताई


जर्सी सिटी,
७ नोव्हेंबर २००४

ती. ताई व दाजींस,
तिघांचा सप्रेम सलाम वि. वि.

नीनाला इथं येऊन पंधरा दिवस झाले. लिफ्ट आवडते, दूध आवडत नाही, आणि मी म्हणते म्हणून तीही रवींद्रला 'अहो' अशी हाक मारते. तो घरभर तिच्या मागे फिरतो आणि हसतो. माझ्याशीही बोलतो आता.

बाईंना ते पत्र लिहून दिलं तेव्हा वाटलं होतं, सगळ्यात अवघड काम झालं. तसं नव्हतं, म्हणून हे लिहितेय. आज तिची पहिली उपासना होती. साक्षीच्या वेळी उठून सगळं सांगायचं, मी ठरवलंच होतं. कागदांचं खोटं ज्या लोकांपुढं बोलले, त्यांच्यापुढंच खरंही बोलायचं. आठवडाभर पाठ केलं. खरं सांगते ताई, मला हलकं व्हायचं होतं.

पण आधीच बायकांनी नीनाला घेरलं. इतके दिवस कुठं होतीस, म्हणून कुणीतरी लाडानं विचारलं. तिनं ठणठणीत आवाजात सांगितलं, की आई मागेच न्यायला आली होती, पण तिला रजा नव्हती, म्हणून ती रजा मागायला अमेरिकेला परत गेली आणि मिळाल्याबरोबर आली. मोठ्या बाईंनी तिची तशी समजूत घातली असणार. दहा महिने ती बालगृहातल्या सगळ्या मुलींना हेच सांगत होती म्हणे. तुझी आई काही येत नाही, असं एक मुलगी म्हणाली तर हिनं तिच्या दंडाला चावा घेतला. हेही तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. बायकांनी डोळे पुसले, एकीनं माझी पाठ थोपटली.

पाळकांनी साक्षीसाठी माझं नाव घेतलं. मी उठले तशी तीही उठली, माझं बोट धरून सगळ्यांकडे बघत उभी राहिली. रवींद्र मान खाली घालून बसला होता. पाठ केलेलं पहिलं वाक्य अगदी तोंडाशी होतं. मी म्हटलं, की हो, रजा मिळायला फार उशीर झाला, देवानं आणि माझ्या मुलीनं मला क्षमा करावी. सगळे आमेन म्हणाले. नीना सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली.

कबूल केलं की माणूस मोकळं होतं, असं दाजी नेहमी सांगतात. मला ते मोकळं होणं आता घेता येत नाही, कारण माझ्या कबुलीचा मार तिला बसेल. ती मोठी झाली की तिला एकटीला बसवून सांगेन, मग तिनं मला काय म्हणायचं ते म्हणावं. तोवर, ताई, जिच्यासाठी ती चावली, ती बाई मला रोज व्हायचं आहे.

माया आहे तेवढीच राहू दे, जास्त मागायला मला तोंड नाही.

उल्का