भिंतीतलं भोक आणि मामींचा माठ

इज़बत अल-बुर्ज, गुरुवार

आदरणीय मामा,

तुमच्या भाच्याचा, बदीरचा, मनापासून सलाम. गुडघा काय म्हणतोय? मामींच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडतात ना? (पडत नसतील तर त्या सांगणार नाहीत, तुम्हीच बघा.) इकडे सगळं क्षेम आहे. मी ठीक, लेथ ठीक. फक्त शेजारच्या न्हाव्यानं, उस्ता मेतवल्लीनं, आमच्या दोन दुकानांमधल्या भिंतीतलं भोक बुजवायला गवंडी सांगितलाय, आणि ते बुजलं की माझ्या धंद्याचे तीनतेरा वाजतील, एवढंच.

ते भोक तुम्हीच पाडलेलं, मेतवल्लीच्या वडिलांना विचारून. लेथ आखूड, बोटींचे शाफ्ट लांब. मग शाफ्टचं शेपूट त्याला धरून फिरवणाऱ्या चकच्या पोकळीतून मागे निघून भिंतीपलीकडे न्हाव्याच्या दुकानात जायचं. पण तुमच्या वेळी ते जेमतेम हातभर जायचं, कारण पुढचा लांब भाग सांभाळायला तुमची स्टेडी होती. ते लोखंडी कडं आणि आतली ती तीन बोटं शाफ्टला मधोमध अशी अलगद धरायची की शाफ्टला कळायचंही नाही. तुम्ही काम सोडून मन्सूराला गेलात तेव्हा ती आठवण म्हणून घेऊन गेलात, आणि आता मामी तिच्यावर माठ ठेवतात. (माठ झकास बसतो, मी स्वतः पाहिलंय. तक्रार मुळीच नाही.) पण स्टेडीशिवाय पुढे लांब भाग ठेवला की तो मधे वाकतो, हत्यार थरथरतं आणि लोखंडावर लाटा उठतात. लाकडाचा ठोकळा खाचून, चरबी लावून आधार दिला, तर तो जळला आणि गल्लीभर कबाबचा वास सुटला. दोन जण तर ताटली घेऊन आले. मग मी शाफ्ट जमेल तितका मागे ढकलायला लागलो. आता अर्धा शाफ्ट माझ्या दुकानात असतो आणि अर्धा मेतवल्लीच्या, आणि तो भला माणूस त्यावर टॉवेल वाळत घालतो.

काल तांडेल सिदकींच्या बोटीचा शाफ्ट लावला होता. सार्डिनचा हंगाम तोंडावर आलाय, तांडेलांना दम निघेना. चहा झाला, माझ्या डोक्याशी उभं राहून सूचना झाल्या, शेवटी मीच म्हटलं, काका, शेजारी जाऊन दाढी तरी करून घ्या. गेले. खुर्चीत बसताना त्यांनी खांद्यावरची लोकरी शाल काढली आणि टांगली कुठे, तर त्या दांड्यावर. मेतवल्ली म्हणाला, काका, तिथे नको. तर हे म्हणाले, "का नको? शाफ्ट माझा, शाल माझी, तुझं काय जातंय?" आणि त्याच क्षणी मी इकडे लेथ चालू केला. (चालू करण्याआधी भिंतीवर हातोडीनं ठोकायचं, हा तुमचाच नियम. काल ठोकलं नाही. का, ते खाली लिहितो.) शाल गरागरा गुंडाळली गेली, आधार नसलेलं शेपूट झोके घ्यायला लागलं, साबणाचं भांडं उडून आरशावर गेलं, आणि मेतवल्लीचा वस्तरा दचकून तांडेलांची अर्धी मिशी घेऊन गेला. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. मी धावत गेलो तर तांडेल फेसाने माखलेले, शांतपणे म्हणाले, "बदीर, वादळात तीनदा सापडलो रे, पण मिशी शाबूत घेऊन घरी आलो होतो." आता ती वाढेपर्यंत बोट हलणार नाही म्हणतात, खलाशी हसतील म्हणून. मेतवल्लीनं आरसा पुसला आणि एवढंच म्हणाला, "उद्या गवंडी येईल. यापुढे तुला या भिंतीपलीकडे काही काम असेल तर घरातलं वडीलधारं माणूस घेऊन ये."

तेव्हा मामा, कृपा करून स्टेडी पाठवून द्या. मामींना माठासाठी तिवई मी स्वतः करून देतो.

तुमच्याच हाताखाली नखं काळी केलेला,
बदीर

ता. क. स्टेडी पाठवू नका, घेऊन या. सोबत मामींनाही आणा. चांगला कोट घाला.

ता. क. न ठोकण्याचं कारण. शाफ्ट नसतो तेव्हा त्या भोकातून चहा येतो, असतो तेव्हा दारातून. मेतवल्लीची बहीण, इन्साफ, देते. मी भिंतीवर ठोकलं की तिला वाटतं, याला चहा हवा. काल सकाळपासून बरेच पेले झाले होते, तांडेलही होते, आणखी एकदा ठोकायची मला लाज वाटली. हे मेतवल्लीला मी सांगितलं नाही, पण तो न्हावी आहे, त्याला गावातलं सगळं ठाऊक असतं. मामा, आई-वडील गेल्यावर तिच्यासाठी विचारायला जाईल असं मला तुमच्याशिवाय कोण आहे? मला ती फार आवडते. लिहिलं एकदाचं.

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात गवंडी येऊन गेला. भोक पक्कं बुजवलं. पण त्याच्या वर, कुठलाही शाफ्ट पोचणार नाही अशा उंचीवर, एक वीट मोकळी सोडलीय. मी पेला लावून पाहिला, बरोबर बसतो. गवंड्याला विचारलं, हे कुणी सांगितलं? मला वाटलं, इन्साफनं. तर म्हणाला, "उस्ता मेतवल्लीनं." माठ खाली उतरवा मामा, आणि निघा.