आज दाढी नको, दादा

दादा,

घरी आलास की तू आधी बाबांची नि माझी दाढी करायला बसतोस, म्हणून चिठ्ठी आरशावरच चिकटवली आहे. आज वस्तरा काढू नकोस.

मी रक्तदान केलं होतं, त्या रक्तपेढीचा फोन आला. माझ्या रक्तात हेपटायटिस बी निघालाय. पुष्कळांना काहीच जाणवत नाही म्हणे, आणि यकृत आतल्या आत खराब होत राहतं. बाबांना तपासायला दवाखान्यात घेऊन जातोय.

आईने माझं ताट वेगळं काढलंय. तिला सांग, हा जेवणातून नाही, रक्तातून पसरतो. फोनवर तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “दाढी कुठे करता?” मी ऐटीत म्हणालो, “घरीच सलून आहे!” आणि बोलता बोलताच लक्षात आलं. दुकानात तू प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावतोस. घरी मात्र आपण तिघं एकाच ब्लेडवर. “आपलंच रक्त, त्यात काय!” असं बाबाच म्हणायचे.

कुणाकडून कुणाला गेलं, कोण सांगणार? तू मनाला लावून घेऊ नकोस.

(जागा संपली, कडेने लिहितोय.) वहिनीला घेऊन लगेच दवाखान्यात ये. तिला नववा लागलाय. नवऱ्याकडून बायकोलाही होतो म्हणे; तिला लागण झाली असेल, तर बाळाला जन्मल्याबरोबर लस द्यावी लागेल, आणि ते डॉक्टरांना आधीच कळायला हवं. तिला घाबरवू नकोस. मी घाबरलोय तेवढं पुरे.

बाबा चपला घालता घालता म्हणतायत, “त्याला कशाला त्रास देतोस? घरात तोच तेवढा धडधाकट आहे.”