टिटवीने अडवलेलं खळं

रवि., १८ मार्च २०१८. पाडवा
गुढी उभारली आणि थेट धाकटी डहाणू, खाडीवर. अनिल दारातूनच म्हणाला, सणाच्या दिवशीही चिखलच. हो, चिखलच! पक्ष्यांत शेकाटे बरेच. कुदळ्या एक. परतताना ओळखीच्या हिराकाकीच्या खळ्यात, जिथे ती जवळा वाळत घालते तिथे, उघड्यावर टिटवीची चार अंडी. पाय पडता पडता राहिला. काकीला दाखवली, तिने कपाळाला हात लावला. जवळा आता येईलच, जागा लागणार. "एवढी खाडी सोडून माझंच खळं सापडलं हिला?" पण उठवणार नाही म्हणाली. हुश्श.

बुध., २१ मार्च
ऑफिसच्या आधी चक्कर. कुत्री फिरतात, म्हणून काकीने नि मी अंड्यांभोवती काठ्या रोवून जुनं जाळं ताणलं, कावळ्यांपासून मासळी राखतात तसं. दोघी खूष. चहा.

दुपारी काकीचा फोन. टिटवी बाहेरूनच ओरडतेय, आत शिरत नाही, अंडी उन्हात. काढा काढा म्हणेपर्यंत तिने जाळं उपटलंही. जेवणाच्या सुट्टीत धावले. टिटवी अंडी गार करायला पोट भिजवून आली नि बसली. पण अंडी भाजली असतील तर? काय हे आमचं शहाणपण! जीव टांगणीला.

शनि., ३१ मार्च
जवळा आला. खळंभर पसरलाय, मधे गोल जागा सोडून, त्यात टिटवीबाई. काकीची सून कुरकुरते. काकी सगळ्यांना सांगते, भाडेकरू ठेवलाय. खाडीवरच्या चिखल्या पक्ष्यांच्या छातीवर तांबूस रंग चढला, उत्तरेला निघतील आता.

मंगळ., १० एप्रिल
अजून काही नाही. काकी हळूच म्हणाली, "आत जीव असेल ना गं?"

रवि., १५ एप्रिल
खड्डा रिकामा. टरफल नाही, पीस नाही. टिटवी टरफलं लांब नेऊन टाकते म्हणतात. पण कुत्राही मागे काही ठेवत नाही.

खाडीकडच्या गवताशी गेले तर टिटवी नि तिचा नवरा दोघं डोक्यावरच आली. काय तो कालवा! अंड्यांसाठीसुद्धा एवढं ओरडली नव्हती. म्हणजे पिल्लं इथेच! शोधायचा मोह झाला. पण चुकून पाय पडला तर... मागे फिरले. इतका आनंद शिव्या खाऊन कधी झाला नव्हता.

काकीला सांगितलं. ती जवळा पसरत होती. पाटीत अजून उरला होता, तरी गोल मोकळाच ठेवला. "राहू दे आजचा दिवस," म्हणाली.