निळ्या टॉवेलाची हद्दपारी

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी माझा टॉवेल पदच्युत झाला! निळा, कडा विरलेल्या, अंग पुसण्यापेक्षा खरवडायलाच जास्त लायक. पण इतकी वर्षं बायकोच्या पिवळ्या टॉवेलाच्या गळ्यात गळा घालून एकाच खुंटीवर लटकत होता. ना नोटीस, ना चौकशी. थेट न्हाणीघराच्या दाराआडच्या खिळ्यावर हद्दपारी. खिळाही गंजका!

साबणसुद्धा दोन झालेत.

विचारलं, तर म्हणाली, "असू दे वेगळं. बरं असतं." आणि उशी-सतरंजी काखोटीला मारून लेकीच्या खोलीत, जमिनीवर मुक्काम हलवला.

बुधवार, ५ मार्च

कळलं.

तिच्या चष्म्याच्या दुकानात जायला निघाली होती. चपलेचा पट्टा लावत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली होती ना, त्यात विषाणू सापडलाय. एचपीव्ही. शरीरसंबंधातून येतो. आत काही बिघडलंय का ते पुढच्या बुधवारी दुर्बिणीतून बघणारेत. काहींना पुढे कर्करोग होतो म्हणे. भाजी झाकून ठेवलीय."

गेली. मी झाकणाकडे बघत बसलो.

शरीरसंबंधातून! म्हणजे कुणाच्या? दर आठवड्याला पेपरात सदर लिहून गावाची बिनपाण्याने करणारा मी. आरोपी शोधणं हा माझा धंदाच. आणि आज पिंजऱ्यात एकुलता एक इसम — मी. टॉवेलाला शिक्षा कशाची झाली ते उमगलं. तिने निकाल देऊनही टाकला!

गुरुवार, ६ मार्च

तिच्यावरही संशय घेऊन पाहिला. जमेना. तेवढ्यात दूध उतू गेलं.

शुक्रवार, ७ मार्च

दुपारी डोळा लागला. स्वप्नात मी तिच्या दुकानातल्या उंच खुर्चीवर. नाकावर ती जड लोखंडी चौकट. ती एकेक भिंग सरकवत विचारतेय, "आता स्पष्ट, की मघाशी?" समोरच्या फळ्यावरची अक्षरं सुटून पाण्यात उतरली, माशांसारखी हळूहळू पोहायला लागली. मी ओरडतोय, मघाशी! मघाशी! ती भिंगं बदलतेच आहे.

जागा झालो तर पडद्यातून ऊन गाळून येत होतं, पाण्याखाली असल्यासारखं. पलंगाच्या तिच्या बाजूला लेकीची मांजर झोपलेली. तिला उठवावंसं वाटलं नाही.

शनिवार, ८ मार्च

बायकोच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एकटाच, चोरासारखा.

"माझी तपासणी करा."

"कसली?"

"त्याचीच. मी निर्दोष आहे असं लिहून हवंय."

बाई हसल्या. "पुरुषांसाठी तशी नेहमीची तपासणीच नाही. आणि खटला भरलाय कुणी?"

मग त्यांनीच समजावलं. हा विषाणू इतका सर्रास आहे, की संबंध आलेल्या बहुतेकांना कधी ना कधी गाठतोच. दुखत नाही, खुपत नाही. बहुतेकांच्या अंगातून आपण होऊन निघूनही जातो. काहींच्यात मात्र वर्षानुवर्षं दडी मारून बसतो. "तुमच्याकडून तिला आला की तिच्याकडून तुम्हाला, की लग्नाआधीच्या कुठल्या जमान्यातला आहे — कुणीही सांगू शकणार नाही. त्याच्या पाठीवर तारीख नसते."

"कंडोम वापरला असता तर?"

"धोका कमी झाला असता. पुरता टळला नसता. कातडीला कातडी लागली तरी पुरतं त्याला."

आरोपीच नसलेला गुन्हा! माझ्या सदराचं दिवाळंच की.

घरी येऊन बायकोला हे सांगायचं होतं. "कुठे होतात?" म्हणाली. म्हटलं, "सहज." झालं. एरवी तोंडाचा पट्टा चालतो माझा!

बुधवार, १२ मार्च

तिला म्हटलं, येतो. "कशाला? बरं, या."

दवाखान्यात बाईंनी मलाही आत घेतलं. तिच्या उशाशी स्टूल. समोर पडद्यावर एक गुलाबी, ओला, गोल प्रदेश, पहाटेच्या आभाळासारखा. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिथे कधी डोकावलो नव्हतो. लेक तिथूनच आली. बाईंनी कापसाच्या बोळ्याने काहीतरी लावलं, खोलीभर व्हिनेगरचा वास. आणि त्या गुलाबीत एका कडेला पांढरं उमटत गेलं. काचेवर श्वास सोडावा तसं.

"हेच. तपासायला चिमूटभर तुकडा घेते."

तिने माझं बोट धरलं. अंगठ्याजवळचं, घट्ट. मी ते पांढरं बघत राहिलो. ते धूसर होत गेलं. चष्मा पुसला, तरी तसंच.

हात धुता धुता बाईंनी विचारलं, "मुलीला ह्याची लस दिली का? तेरा वर्षांची आहे ना?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लशीचा विषय तिने मागेच काढला होता. मी म्हणालो होतो, "एवढ्याशा पोरीला आत्तापासून कसलं ते! परीक्षा होऊ दे." परीक्षा होऊन गेली. दुसरीही आली.

"संबंधांच्या आधी दिली तर जास्त उपयोग," बाई म्हणाल्या. "लहानपणी डोसही कमी लागतात. मुलग्यांनाही देतात. आणि लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही म्हणावं."

येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. आमचा थांबा आला. उठवलं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, त्याच बसने परत आलो.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी बाईंचा फोन. बायकोचे हात कणकेचे, म्हणून मी आवाज मोठा करून तिच्यापुढे धरला.

"निकाल मागाहून सांगा," ही म्हणाली. "आधी मला सांगा — टॉवेल, साबण, अंथरूण, सगळं वेगळं केलंय मी. ह्यांना आणि पोरीला लागला नसेल ना माझा?"

बाई म्हणाल्या, टॉवेलाची चिंता सोडा, तो असा लागत नाही. कर्करोग नाही. पेशींत बदल झालेत, तेवढा भाग काढून टाकू, मग ठरल्या वेळी तपासण्या.

ऐकता ऐकता फोन माझ्याकडून कणकेत टेकला. "नीट धरा की!" ही म्हणाली.

शाळा सुटल्यावर लेकीला दवाखान्यात नेऊन पहिला डोस देऊन आणला. "मुंगी चावल्यासारखं," म्हणाली.

परत आल्यावर पकड शोधली आणि दाराआडचा खिळा उपटला.