तिनं वेळ विचारली नाही

गुरुवार, ता. ७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उद्यापासून आपला सिनेमा तुझ्या जुन्या थिएटरात लागतोय. रोज दुपारी तीनचा एकच खेळ, पुढच्या गुरुवारपर्यंत. मालकांनी तुझ्या शब्दाखातर आठवडा दिला, ते मी विसरणार नाही. आता त्याहून मोठं काम सांगते. रोज खेळाला बस आणि लोक काय करतात ते मला लिहून कळव. फोनवर नको. फोनवर तू मला बरं वाटावं म्हणून नुसतं छान छान म्हणतेस. कागदावर तुला खोटं लिहवत नाही. पत्र संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे दे, सकाळी मला मिळेल.

घाई अशासाठी की फोनवर सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीला आपला खूनपट हवाय, पण त्यांच्या साहेबांना शेवट अर्धवट वाटतो. लाँड्रीच्या मालकाला कोणी मारलं ते आपण सांगतच नाही. तपास अधिकारी भागीदाराला शेवटचा प्रश्न विचारतो आणि पडदा काळा होतो. साहेबांचं म्हणणं, भागीदाराच्या कबुलीचा दोन मिनिटांचा प्रसंग जोडा, नाहीतर राहू द्या. पुढच्या शुक्रवारी सकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय. भागीदार झालेला आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर तर एका पायावर तयार आहे. कबुली पाठ करून बसलाय, गोळ्या देता देता पेशंटना ऐकवतो.

एकोणीस रविवार बंद लाँड्रीत घालवून मी तो शेवट केलाय. लोकांपर्यंत पोचत असेल तर मी कंपनीला नाही म्हणेन. स्वतः येऊन बसायला माझी छाती होत नाही. काल एक्स-रे काढताना एका काकांना श्वास रोखा म्हटलं आणि सोडा म्हणायचं विसरले. बिचारे टोमॅटोसारखे लाल झाले.

माझी झोप तुझ्या पत्राच्या हवाली आहे, एवढा लोभ कर.

तुझी,
भिंगरी


शुक्रवार, ता. ८

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गेले आणि दाराशेजारची माझी जुनी जागा धरली. सव्वीस वर्षं त्या दारावर बॅटरी घेऊन उभी राहिले ती पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून. सिनेमे मी माणसांच्या चेहऱ्यांवरच पाहिले म्हण ना. शिकले चौथीपर्यंत, पण कुठला खोकला कंटाळ्याचा आणि कुठला भीतीचा, हे मला कोणी सांगावं लागत नाही.

बेचाळीस माणसं होती. पहिल्या वीस मिनिटांत तीन खुर्च्या धाडकन वर गेल्या, म्हणजे तिघं उठले. कपड्यांच्या ढिगाऱ्याखालून हात दिसतो तिथं मात्र कोणी पापणी हलवली नाही. एका गृहस्थांची शेंगदाण्यांची मूठ तोंडाजवळच थांबली. कंपाउंडर आणि इस्त्रीवाला यांची मारामारी लागली तेव्हा लोक खदाखदा हसले. हसतील नाहीतर काय! दोघं एकमेकांना इतकं जपून मारतात, जणू मारून झाल्यावर घडीच घालायचीय. लाँड्रीमालकाची बायको झालेली तुझी वहिनी मात्र ठसली हो. तिला कोणी हसलं नाही.

आता शेवट. पडदा काळा झाला आणि सगळे जागच्या जागी बसून राहिले. मला वाटलं, पोरीनं बाजी मारली. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं की लाइट गेली, आणि शिट्ट्या सुरू झाल्या. नावं वर सरकायला लागली तेव्हा त्यांना उमगलं की संपलंय. एक निवृत्त पोस्टमास्तर मला म्हणाले की पत्ता नसलेलं पाकीट हातात ठेवल्यासारखं झालं. दोघं तिकिटाचे पैसे परत मागत होते. मालकांनी त्यांना गोड बोलून वाटेला लावलं.

तू खरं मागितलंस म्हणून लिहिलं. लिहिताना पेन जड झालं होतं. वेळेवर जेव, आणि या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या


शनिवार, ता. ९

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उभ्यानंच वाचलं, मग जिन्यात बसून पुन्हा वाचलं. आज एका बाईंच्या डाव्या गुडघ्याऐवजी उजव्याचा एक्स-रे काढला. त्या म्हणाल्या की हा चांगलाच आहे, ह्याला कशाला त्रास. दोन मिनिटं बसून राहवत नाही. खुर्चीवरून उठते, खिडकीशी जाते, कशासाठी आले ते आठवत नाही, परत येते.

दादा म्हणतो की शिट्टीसुद्धा एक प्रतिसादच आहे. त्याला बोलायला काय जातंय, त्यानं फक्त आवाज टिपलाय. वहिनीनं स्वतःबद्दलची तुझी ओळ चार जणांना वाचून दाखवली. कंपाउंडरला मी काही बोललेले नाही, पण माझा चेहरा बघून त्यानं सिनेमातल्यासारखी मिशी पुन्हा राखायला घेतलीय.

बहुतेक हो म्हणून टाकते. तरी तू पाहत राहा आणि लिहीत राहा. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पत्र चुकवू नकोस.

तुझी,
भिंगरी


रविवार, ता. १०

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, वारं फिरलं! काल एकावन्न माणसं होती, आज चौसष्ट. मारामारीला हसले ते हसलेच, त्याला माझा इलाज नाही. पण खेळ संपून बाहेर पडताना काय सांगू तुला, एकेकाचा चेहरा दिवा लावल्यासारखा. अरेच्चा म्हणतायत, कपाळावर हात मारतायत. एका जाडजूड गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन मेव्हण्याला पाठवतो म्हणाले. आज तो मेव्हणा आलासुद्धा. पोस्टमास्तर दुसऱ्यांदा आले होते आणि पहिल्यांदा आपलंच लक्ष नव्हतं म्हणून कबूल करून गेले.

शेवट कळत नाही, अशी तक्रार दोन दिवसांत कोणाच्या तोंडून ऐकली नाही. दारावर जुन्या ओळखीचे लोक भेटतात, चार शब्द बोलणं होतं, तेवढंच. तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझं शनिवारचं पत्र वाचून मला घास गेला नव्हता.

निवांत झोप. मी आहे, आणि माझा जीव तुझ्यात आहे.

तुझी,
आत्या


सोमवार, ता. ११

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, आत्या, आत्या! पत्र वाचून मी एक्स-रेच्या खोलीत एकटीच नाचले. बाहेर लाल दिवा चालू होता म्हणून कोणी आत आलं नाही, एवढं बरं.

म्हणजे लोकांना थोडा वेळ द्यावा लागतो, इतकंच. मी कंपनीला साफ नाही म्हणून लिहून ठेवलंय, बुधवारी धाडून देते. कंपाउंडरला सांगितलं तर त्यानं तिथल्या तिथे मिशी उतरवली आणि तेव्हापासून माझ्याशी फक्त खाणाखुणांनी बोलतो. वहिनी म्हणते की इतकी वर्षं ही मुलगी आमच्यासमोर भिरभिरतेय, आज पहिल्यांदा जमिनीवर पाय टेकले.

हे सगळं तुझ्या खऱ्या बोलण्यामुळे. असाच लोभ ठेव.

तुझी,
भिंगरी


मंगळवार, ता. १२

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ते पत्र धाडू नकोस. आधी हे वाच.

शनिवारी शेवट झाला आणि लोक चरफडत दाराशी आले. मी जुन्या सवयीनं दार धरून उभी होते. एका बाईनं विचारलं की तुम्हाला काही उलगडलं का हो. मला राहवलं नाही गं. आदल्या दिवशीच्या शिट्ट्या कानात होत्या. मी सांगून टाकलं की बायकोनंच मारलंय, दुसरं कोण.

ती म्हणाली की कशावरून? मी म्हटलं की तिला घरी येऊन सांगतात, तुमचे यजमान गेले. ती कुठे म्हणून विचारते, कोणी पाहिलं म्हणून विचारते, पण किती वाजता हे विचारत नाही. आमचे हे गेले तेव्हा मी सगळ्यात आधी तेच विचारलं होतं. कारण मला कळायला हवं होतं की त्या घटकेला मी काय करत होते. मी भाजी निवडत होते. ते आजतागायत माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आता जिला वेळ आधीच ठाऊक आहे, ती कशाला विचारेल?

ती बाई थबकली, तिच्यामागचे थबकले, आणि मग ते अरेच्चा झालं. रविवारी मी जरा आवाज चढवून सांगितलं. काल लोक खेळ संपल्यावर माझ्याभोवती गोळा झाले आणि मालकांनी मला उभं राहायला स्टूल आणून दिलं. मेव्हण्याला पाठवलं ते सिनेमा बघायला की माझं भाषण ऐकायला, देव जाणे.

त्या टाळ्यांतल्या तुझ्या किती आणि माझ्या तोंडाच्या किती, मला सांगता येत नाही. पत्रात खोटं एक अक्षर लिहिलं नाही, पण लिहायचं तेच गाळलं. तुझं वाईट चिंतून नव्हे. तरी चूक ती चूक.

रागाव, पण तुटक होऊ नकोस.

तुझी,
आत्या


बुधवार, ता. १३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी रागावलेय. तुला कळेल इतकी, असं समज.

आणि आता ऐक. खून बायकोनं केलेलाच नाही. भागीदारानं केलाय. मी लिहिला, मला ठाऊक असायला हवं! वहिनीनं ती ओळ म्हटली होती. किती वाजता, असं विचारलं होतं, आणि इतकं मनापासून की दादा हेडफोन गळ्यात टाकून नुसता बायकोकडे बघत राहिला. त्यामुळे शेजारच्या इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झालाय हे त्याला कळलंच नाही. नंतर ऐकलं तर ओळीच्या जागी निव्वळ घरघर. ती खोली पुन्हा भाड्यानं घेणं आमच्या ऐपतीत नव्हतं, म्हणून ओळच कापली. तू ज्याला पुरावा म्हणतेस तो पाण्याचा पंप आहे, आत्या.

सकाळपासून तो प्रसंग चारदा पाहिला. पहिल्यांदा तुझा राग आला. चौथ्यांदा वहिनीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि अंगावर काटा आला. आता मलाही ती वेळ विचारत नाही एवढंच दिसतं. हे तू सांगितल्यामुळे दिसतंय की खरंच तिथं आहे, ते मला कळेनासं झालंय. आणि परवा सकाळी उत्तर द्यायचंय.

उद्याचा शेवटचा खेळ. तू आत जायचं नाहीस, दाराशी उभं राहायचं नाहीस, कोणी विचारलं तर तोंड उघडायचं नाहीस. एवढं केलंस तर लोभ आहे असं मानेन.

तुझी,
भिंगरी


शुक्रवार, ता. १५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल मी आले होते. अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि दुसऱ्या दारानं आत शिरले. तू समोरच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून बसली होतीस. तुला हाक मारली असती तर तुझ्या चेहऱ्यावरून मला सगळं कळलं असतं, आणि मला ते माझं मला बघायचं होतं.

सव्वीस माणसं होती, मी सोडून. माझ्या शेजारचा माणूस खुनाआधीच झोपला. मारामारीला लोक हसले. मीही हसले, खरंच वाईट आहे ती. पुढच्या रांगेत एक जोडपं होतं, पन्नाशीचं असेल. वहिनीला बातमी सांगतात तो प्रसंग आला आणि त्या बाईनं मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. थोडी पुढे झुकली. मग नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली की ही वेळ का विचारत नाही? त्यानं गप्प बस म्हणून तिचा हात दाबला. बाकी पंचवीस जणांपैकी कोणाला काही वाटलं की नाही, मला दिसलं नाही. मी श्वास रोखून बसले होते आणि सोडा म्हणायला तिथं कोणी नव्हतं.

पडदा काळा झाल्यावर शिट्ट्या आल्याच. एकानं माझ्या आईवडिलांचा उद्धार केला. मी त्या जोडप्याच्या मागोमाग चालत राहिले, चक्क दोन चौक. तो म्हणत होता की भागीदारच आहे, चेहराच चोराचा. ती म्हणत होती की तुम्ही पुरुषमाणसं नुसते चेहरे बघता. शेवटी तो वैतागला, म्हणाला की सिनेमावाल्यांनी सांगायला नको का. ती म्हणाली की अजून काय सांगायचं, दाखवलंय की त्यांनी.

आम्ही नव्हतं दाखवलं गं. आमच्या हातून राहून गेलं होतं.

स्टँडवर बसची वाट बघतानाच मी कंपनीला नकार कळवून टाकला. एका बाईच्या भरवशावर सिनेमा चालत नाही, हे मला समजतं. पण रविवारी कंपाउंडरला उभं करून त्याच्याकडून कबुली घेतली असती, तर सव्वीस जणांत जिनं नीट पाहिलं तिलाच मी खोटं पाडलं असतं. ते माझ्याच्यानं झालं नसतं.

कंपनीचं उत्तर आज सकाळी आलं. दोन ओळी, शुभेच्छांसकट. दादा दिवसभर माझ्याकडे न बघता माझ्या आसपास वावरतोय. कंपाउंडरनं मला चहा आणून दिला आणि कबुली सगळी म्हणून दाखवली, एकदाच, दार लावून. चांगली म्हणतो, आत्या. मला वाईट वाटलं. वहिनी सारखी विचारतेय की मग मी मारलं की नाही एकदाचं सांगा. मी तिला म्हटलं की मला विचारू नका.

राग थोडा शिल्लक आहे, तो तू माझ्यासाठी सांभाळून ठेव. लोभ मात्र माझ्याकडे आहे, तो परत मागू नकोस.

तुझी,
भिंगरी