कॅमेऱ्याच्या मागची वाट

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी कॅम्प १ च्या ऑफिसला. आमच्या सर्व्हे कंपनीचे मालक हरीशेठ यांनी स्वतःच्या हाताने पेढे वाटले, म्हणजे काहीतरी गळ्यात पडणार हे कळलंच. पडलं. आधीचे सर नोकरी सोडून गेले, त्यामुळे वन्यजीव अहवालावर तज्ज्ञ म्हणून आता माझी सही. पहिलंच काम सोनिवलीच्या पलीकडचं. टाउनशिप होतेय, तिच्या रस्त्याला वनजमिनीची एक पट्टी हवी. त्या पट्टीत बिबट्या आहे का, ते मी सांगायचं. म्हणजे नाही असं सांगायचं. ह.शे. तसं म्हणाले नाहीत. "बेटा, जो दिखेगा वही लिखना," एवढंच.
आईने पेढा देवापुढे ठेवला. लेकीची सही सरकारी कागदावर जाणार म्हणून. मलाही छान वाटलं, खोटं कशाला लिहू.

६ नोव्हेंबर, गुरुवार
चार कॅमेरे लावून आले. झाडाला पट्ट्याने बांधायचे, समोर काही हललं की आपोआप फोटो निघतो. जागा ह.शे.नी नकाशावर आधीच खुणा करून दिलेल्या. पट्टीतून एक पायवाट वर ठाकरवाडीकडे जाते. बिबट्या असलाच तर वाटेनेच चालणार, त्याला काट्यांत शिरायची हौस नसते. म्हणून चारही कॅमेऱ्यांची पाठ वाटेकडे, तोंड मोकळ्या माळाकडे. कॅमेरे किती दिवस ठेवायचे याचा नियम आहे. तोंड कुठे करायचं याचा नाही. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही.
वळणावर वाघोबाचा दगड आहे. शेंदूर ताजा होता. बाकी शांत. फारच शांत, पण दुपारची वेळ होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
कार्डं काढून आणली. बकऱ्या, वाडीतली कुत्री, एक मुंगूस, मोर. बिबट्या नाही. ह.शे. खूश.
एक गोष्ट मात्र. फोटोत सगळे माझ्याकडे बघतायत असं वाटत होतं. त्यात नवल नाही, कॅमेऱ्याचा आवाज होतो, जनावरं वळून बघतात. पण मोठं करून पाहिलं तर कॅमेऱ्याकडे कुणीच बघत नाहीये. नजर कॅमेऱ्याच्या बाजूने मागे गेलेली. बकऱ्या चरायच्या थांबल्यात. कुत्री शेपटी पायात घालून उभी. चारही कॅमेऱ्यांत तेच.
आणि कॅ. ३ मध्ये एक बाई. वाटेवरून खाली उतरून माळावर आली म्हणून फोटोत सापडली. डोक्यावरची मोळी खाली ठेवलेली. मान खाली, पदर घट्ट धरलेला. पुढच्या फोटोत तशीच. त्याच्या पुढच्यात मोळी उचलतेय. मध्ये काय झालं ते कॅमेऱ्याच्या पाठीमागे झालं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
न राहवून वाडीवर गेले. फोटोतली बाई ठमीबाई. माझ्या आईच्या वयाची असेल. फोटो दाखवला तर आधी स्वतःच्या लुगड्याला हसली. कोण जात होतं, असं विचारल्यावर हसू गेलं. मी काहीतरी भलतंसलतं विचारलं असावं तशी बघायला लागली.
"नाव नाय घ्यायचा," म्हणाली. "तो जातो तवा आपून बाजूला व्हायचा. वझा खाली ठेवायचा. त्याला वाट दिली का तो पन आपल्याला काय करत नाय."
कधी पाहिलंय का, तर म्हणे बघायला कशाला जायचं, कळतं.
मग तिनेच रस्त्याबद्दल विचारलं. मोबाइलवरचं चित्र दाखवलं. तिने दोन्ही कडांवरून बोट फिरवलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, भिंत. रस्ता डोंगर कापून जाणार, माती खाली येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना उंच भिंत असेल. वाडीची पायवाट बंद होणार, सगळ्यांनी या नव्या रस्त्यानेच जायचं.
"मंग बाजूला कुठं व्हायचा?"
मी म्हटलं, बघू. दुसरं काय म्हणणार? उतरताना वळणावर पाय भराभर उचलले.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ह.शे.ना फोटो दाखवले, नजरा कुठे आहेत तेही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिलं, तेवढं मान्य करायला हवं. मग त्यांच्या सिंधी लकबीत म्हणाले, "साईं, बकरी गवाही देगी क्या?"
बरोबर आहे. पुरावा नाही हे मलाही कळतं. एमएस्सी झाले आहे. पण एवढी जनावरं एकाच बाजूला, तीही चारही ठिकाणी
असो.

१९ नोव्हेंबर, बुधवार
कॅ. ३ फिरवला. तोंड वाटेकडे केलं. ह.शे.ना सांगितलेलं नाही. जो दिखेगा वही लिखना म्हणाले होते ना, मग दिसू दे एकदा. आला फोटोत तर अहवालात लिहीन, नोकरी गेली तर गेली. असं तिथे उभी असताना वाटलं. खाली उतरून रिक्षात बसल्यावर तेवढं वाटेना.

२६ नोव्हेंबर, बुधवार
कार्ड आणलं. जसं दिसलं तसं लिहून ठेवते.
वाट नीट दिसते. फोटो पुष्कळ, बहुतेकांत वाट रिकामी. काही हललं म्हणूनच फोटो निघाला असणार, पण वाटेवर काही नाही. वाऱ्याने निघतात असे फोटो. निघतात.
मग वाडीतली माणसं. ओझी खाली ठेवून वाटेच्या पलीकडच्या कडेला उभी. मधली वाट मोकळी. पण वाटेकडे कुणी बघत नाहीये. बघतायत ते कॅमेऱ्याच्या मागे, जिथे आता माळ आहे, जिथे आधीच्या फोटोंत काहीही नव्हतं. कुत्रीही तशीच. बकऱ्याही. म्हणजे मी कॅमेरा फिरवला तर तेही फिरून मागेच
या वाक्याचं पुढे काय करायचं कळत नाही.
आणि मी आहे. १९ तारखेचे फोटो. कॅमेरा फिरवल्यावर तो चालतो का ते बघायला मी समोर गेले होते. पहिल्या फोटोत हात हलवतेय, येड्यासारखी. दुसऱ्यात वाटेच्या कडेला उभी आहे. बॅग खाली ठेवलेली. मान खाली. तिसऱ्यातही तशीच.
मला हे आठवत नाही. बॅग ठेवली असेल पाणी प्यायला. फोटोत बाटली नाही.
भीती वाटतेय. साधी, लहानपणी वाटायची तशी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
कॅ. ३ फिरवला हे शेवटी ह.शे.ना सांगितलं. चिडतील वाटलं होतं. उलट खूशच झाले. "दोनों तरफ देखा ना? कुछ नहीं मिला ना? मग सही कर, बेटा. तेरे से ज्यादा ईमानदार रिपोर्ट किसने बनाया?"
आणि खरंच, अहवालात एक अक्षर खोटं नाही. एकाही फोटोत बिबट्या नाही. सोमवारी फाइल पुढे जाईल, मग पुढच्या परवानग्या, मग भिंती. मी सही केली नाही तर दुसरं कोणीतरी करेल, पण ते त्याचं नाव असेल. ठमीबाईला बघू म्हणाले होते, ते मात्र मी. आणि समजा नाही केली सही, तर कारण काय लिहू? सगळ्यांनी बाजूला होऊन वाट दिली, हे कुठल्या रकान्यात बसतं?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
कुळगाव, घरी. दिवेलागणीची वेळ. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. अहवाल उघडा आहे, शेवटच्या पानाची प्रिंट समोर, तिच्यावर माझं नाव टाइप केलेलं, त्याच्या वर सहीची जागा. शेजारी फोटो उघडून ठेवले होते. बाईला, बकऱ्यांना, मला पुन्हा पुन्हा बघत होते. ज्यांची मान वर आहे त्या सगळ्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे जाते. कॅमेऱ्याच्या जागी आता मी बसलेय, हे लक्षात आलं तेव्हा फोटो बंद केले.
पेन हातात घेतलं. खाली ठेवलं. ठमीबाईचा प्रश्न डोक्यातून जात नाही.
तेवढ्यात आई चहा घेऊन स्वयंपाकघरातून आली. आईला यातलं काहीही सांगितलेलं नाही. सहीबद्दल तिला माहीत आहे तेवढंच, पेढ्यापुरतं. वाडीचं नाही, फोटोंचं नाही.
दारात थांबली. मला वाटलं, कप गरम असेल. कपबशी तिने खाली, फरशीवर ठेवली. भिंतीला लागून बाजूला झाली आणि पदर घट्ट धरून मान खाली घातली.
मी हाक मारली. तिने मान न उचलता हातानेच गप्प बस म्हणून खूण केली.
अजून तशीच उभी आहे. मागे वळायला लागू नये म्हणून हे लिहितेय. माझी खुर्ची दार आणि खिडकीच्या बरोबर मध्ये आहे. बाजूला व्हायचं तर आधी उठावं लागेल.